कर्बल स्पेस प्रोग्रॅममध्ये खेळ सेव्ह कसा होतो : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कर्बल स्पेस प्रोग्रॅम हा रॉकेट बांधून अंतराळात उडवायचा संगणकावरचा खेळ. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतून या खेळाबद्दल जे विचारलं जातं, त्यात ‘रॉकेट कसं उडवू’ यापेक्षा ‘उडवलेलं यान गेलं कुठं’ हा प्रश्न जास्त असतो. महिनाभर राबून उभं केलेलं अंतराळस्थानक एका चुकीच्या बटणानं गेलं, की मुलं खेळ सोडून देतात. तसं होऊ नये म्हणून हे पान. उत्तरं संगणकावरच्या १.१२ आवृत्तीला धरून आणि विंडोज गृहीत धरून दिली आहेत.

१. खेळ आपोआप सेव्ह होतो म्हणतात. मग आपण वेगळं सेव्ह कशाला करायचं?

आपोआप सेव्ह होतो हे खरं आहे. तुमच्या खेळाची एक मुख्य फाइल असते, ‘परसिस्टंट’ नावाची. उड्डाणातून स्पेस सेंटरला (खेळातल्या मुख्य तळावर) आलात, ट्रॅकिंग स्टेशनमध्ये (सगळी यानं दिसतात तिथं) गेलात, की ती नव्यानं लिहिली जाते. उड्डाण चालू असतानाही मूळ सेटिंगनुसार दर ३०० सेकंदांनी, म्हणजे पाच मिनिटांनी, सेव्ह होतं. त्या क्षणी सेव्ह करण्याजोगी स्थिती नसेल, तर अर्ध्या मिनिटानं पुन्हा प्रयत्न होतो.

पण ही फाइल जे घडलं ते तसंच लिहून ठेवते. यान फुटलं तर फुटलेलं, इंधन संपलं तर संपलेलं. परसिस्टंट म्हणजे दुकानातली चालू वही. चुकीचा आकडाही तिच्यात तसाच चढतो. मागं जायचं असेल तर त्या वहीची आधी काढून ठेवलेली झेरॉक्स लागते, आणि ती तुम्हालाच काढावी लागते. लाईट गेल्यावर आपोआप होणारं सेव्ह वाचवतं, स्वतःच्या चुकीपासून नाही.

२. एफ५ आणि एफ९ नेमकं काय करतात? माझ्या लॅपटॉपवर एफ५ दाबलं की भलतंच काहीतरी होतंय.

उड्डाणात एफ५ दाबलं की क्विकसेव्ह होतं. एफ९ दाबून धरलं की ते क्विकसेव्ह परत उघडतं. नुसतं टिचकी मारल्यासारखं दाबून चालत नाही, धरून ठेवावं लागतं. चुकून हात लागून खेळ मागं जाऊ नये म्हणून ती सोय आहे.

बऱ्याच लॅपटॉपांवर वरच्या ओळीतल्या बटणांना उजेड-आवाजाची कामं दिलेली असतात. तिथं एफएन धरून एफ५ दाबा. पडद्यावर क्विकसेव्ह झाल्याची ओळ दिसली तरच सेव्ह झालं असं धरा.

३. एफ९ केलं तर मूनवरचं (खेळातल्या चंद्रावरचं) यान परत आलं, पण मधल्या काळात बांधलेलं स्टेशन गायब झालं. असं कसं?

सगळ्यात जास्त नुकसान इथंच होतं. क्विकसेव्ह एका यानाचं नसतं, साऱ्या विश्वाचं असतं. सगळी यानं, सगळे अंतराळवीर, पैसे, विज्ञानाचे गुण, कंत्राटं आणि खेळातलं घड्याळसुद्धा एकाच फाइलीत असतं. एफ९ केलं की हे सारंच त्या क्षणावर मागं जातं.

समजा सोमवारी मूनवर उतरताना एफ५ केलं. मंगळवार-बुधवारी कर्बिनभोवती, म्हणजे खेळातल्या पृथ्वीभोवती, स्टेशन जोडलं, पण त्या दोन दिवसांत एफ५ दाबलंच नाही. गुरुवारी काही बिघडलं आणि एफ९ धरलं, तर तुम्ही थेट सोमवारात. आणि पुढच्या आपोआप सेव्हला मुख्य फाइलीवरही सोमवारच लिहिला जातो.

असं झालं असेल तर ताबडतोब थांबा, पुढं खेळू नका. सेव्हच्या फोल्डरमध्ये ‘बॅकअप’ नावाचं फोल्डर असतं, त्यात परसिस्टंटच्या तारीख-वेळ घातलेल्या जुन्या प्रती असतात. त्या मोजक्याच ठेवल्या जातात आणि नवी आली की सर्वांत जुनी जाते. म्हणून खेळ चालू ठेवला, तर तुमची वाचवणारी प्रतच पुसली जाण्याची भीती असते. फोल्डर कुठं असतं ते प्रश्न ११ मध्ये आणि प्रत परत कशी बसवायची ते प्रश्न ७ मध्ये आहे.

यापुढची सवय एकच : एफ९ धरण्याआधी स्वतःला विचारा, शेवटचं एफ५ कधी केलं होतं? आठवत नसेल तर एफ९ दाबू नका, नावाचं सेव्ह शोधा.

४. नाव देऊन सेव्ह कसं करायचं? आणि कधी?

उड्डाणात ऑल्ट धरून एफ५ दाबा, नाव विचारलं जाईल. उघडायला ऑल्ट आणि एफ९, मग यादीतून निवडा. स्पेस सेंटरमध्ये एस्केप दाबून मेनूमधूनही सेव्ह आणि लोड करता येतं. साधं क्विकसेव्ह एकच असतं आणि प्रत्येक एफ५ त्याच्यावरच लिहितं. नावाचं सेव्ह तुम्ही पुसेपर्यंत राहतं.

माझ्या मते नावाचं सेव्ह उड्डाणाआधी, दुसऱ्या ग्रहाकडे निघण्याचा जोर लावण्याआधी, उतरायला सुरुवात करण्याआधी आणि दोन यानं जोडण्याआधी करावंच. नावात जागा आणि काम दोन्ही लिहा : ‘डुना कक्षा उतरण्याआधी’ (डुना हा खेळातला एक ग्रह). ‘नवीन’, ‘नवीन२’, ‘फायनल’ अशी नावं आठवड्यात निरुपयोगी होतात.

५. मूनवर आदळायच्या आधी घाईत एफ५ केलं. आता दर वेळी एफ९ केलं की तीन सेकंदांत फुटतंय. काही उपाय?

आधी हिशेब बघा, म्हणजे व्यर्थ झगडणार नाही. समजा यान जमिनीपासून १ किलोमीटरवर आहे आणि सेकंदाला ३०० मीटरनं खाली येतंय. तेवढ्या अंतरात थांबायचं तर सेकंदाला ४५ मीटर प्रति सेकंद एवढा वेग घटवत राहावा लागेल, आणि वर मूनचं १.६३ चं गुरुत्व आहेच. साध्या लँडरच्या इंजिनात एवढी ताकद नसते. शंभर वेळा एफ९ केलं तरी निकाल तोच.

म्हणून क्रमानं असं करा. ऑल्ट-एफ९ नं यादी उघडा, जुनं नावाचं सेव्ह आहे का पाहा. नसेल तर त्या उड्डाणात पाचेक मिनिटांपूर्वी आपोआप सेव्ह झालेली प्रत बॅकअप फोल्डरमध्ये आहे का ते बघा. तेही नसेल तर रिव्हर्ट (प्रश्न ६). आणि वेग अजून हाताबाहेर गेला नसेल, म्हणजे १ किलोमीटरवर ६०-७० मीटर प्रति सेकंद असेल, तर इंजिन पूर्ण उघडून यानाचं तोंड वेगाच्या उलट दिशेला धरा; हे वाचतं.

पुढच्या वेळी उतरताना एफ५ कक्षेत असतानाच करा, १०-१५ किलोमीटर उंचीवर. खाली येताना सेव्ह करायचंच असेल तर ते नाव देऊन करा, म्हणजे वरचं क्विकसेव्ह शाबूत राहतं. पडताना घाबरून दाबलेलं एफ५ हे चांगल्या क्विकसेव्हचा बळी घेतं.

६. रिव्हर्ट आणि एफ९ यांत फरक काय?

रिव्हर्ट तुम्हाला त्याच उड्डाणाच्या सुरुवातीला नेतं : लाँचपॅडवर, किंवा थेट बांधणीच्या हॉलमध्ये. त्यासाठी आधी सेव्ह करावं लागत नाही. पण स्पेस सेंटरला किंवा ट्रॅकिंग स्टेशनला जाऊन आलात की त्या उड्डाणाचं रिव्हर्ट संपतं. लहान चाचणी-उड्डाणांना रिव्हर्ट उत्तम. तासाभराच्या मोहिमेला त्याच्यावर मदार ठेवू नका.

७. खेळताना मध्येच लाईट गेली की सगळं जातंय काय ओ?

सगळं जात नाही. शेवटच्या आपोआप सेव्हनंतरचं जातं, म्हणजे सहसा पाच मिनिटांच्या आतलं. यान वातावरणात असेल किंवा इंजिन चालू असेल तर सेव्ह लांबणीवर पडलेलं असू शकतं, मग थोडं जास्त.

खरा धोका वेगळा आहे. फाइल डिस्कवर लिहिली जात असतानाच वीज गेली तर ती अर्धवट राहते. मग खेळ उघडल्यावर तुमचं सेव्ह यादीत दिसत नाही किंवा उघडत नाही. अशा वेळी नवा खेळ त्याच नावानं सुरू करू नका. सेव्हच्या फोल्डरमध्ये जाऊन परसिस्टंट फाइलीचा आकार बघा. शून्य किंवा फारच कमी दिसत असेल तर तिचं नाव बदलून बाजूला ठेवा, बॅकअपमधली सर्वांत ताजी प्रत बाहेर आणा आणि तिला परसिस्टंटचं नाव द्या. बहुतेकदा खेळ उभा राहतो.

कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला जून ते सप्टेंबर लाईट किती वेळा जाते हे तिकडच्या लोकांना सांगायला नको. डेस्कटॉप वापरत असाल तर छोटा यूपीएस घ्या. त्याची पाच-दहा मिनिटं एफ५ करून व्यवस्थित बाहेर पडायला पुरतात. घरात इन्व्हर्टर आहे आणि तरीही लाईट जाताच संगणक बंद होतो, अशी तक्रार बरेच जण करतात. इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचं बटण असेल तर ते चालू करा. साध्या मोडमध्ये बॅटरीवर जायला जो क्षण लागतो तो पंख्याला चालतो, संगणकाला चालत नाही. लॅपटॉप असेल तर हा प्रश्नच नाही, फक्त बॅटरी धड हवी.

८. रॉकेट बांधतानाच लाईट गेली. तासाभराची बांधणी परत मिळेल?

बांधणीच्या हॉलमध्ये दर पाच मिनिटांचं सेव्ह नसतं. ते रॉकेट तुम्ही निदान एकदा लाँचपॅडवर नेलं असेल तर ‘ऑटो-सेव्ह्ड शिप’ नावानं त्याची प्रत सापडेल. नसेल तर गेलं. बांधताना वरचं सेव्हचं बटण अधूनमधून दाबणं हाच उपाय.

यानाचे आराखडे परसिस्टंटमध्ये नसतात, वेगळ्या फाइलींत असतात. त्यामुळे एफ९ केलं तरी आराखड्यात केलेले बदल मागं जात नाहीत. हे कधी सोयीचं असतं, कधी गोंधळाचं.

९. आमचा मुलगा ‘दोन मिनिटं आई, उतरतोय’ म्हणतो आणि जेवायला येत नाही. हा खेळ मध्ये थांबवता येत नाही काय?

थांबवता येतो, ताई. एस्केप दाबलं की यान पडता पडतासुद्धा खेळ आहे तिथं थांबतो. संगणक चालू ठेवून जेवून येईपर्यंत काहीही बिघडत नाही.

पण तो अगदीच खोटं बोलत नाही. वातावरणात असताना, इंजिन चालू असताना किंवा जमिनीवर यान सरकत असताना खेळ त्याला सेव्ह करून स्पेस सेंटरला जाऊ देत नाही. संगणक बंदच करायचा असेल तर त्याला एफ५ करू द्या, त्याला काही सेकंद पुरतात. ते क्विकसेव्ह डिस्कवर राहतं आणि दुसऱ्या दिवशी स्पेस सेंटरच्या लोड मेनूमधून उघडता येतं. खेळ बंद असताना त्यातलं घड्याळही बंद असतं, म्हणून दहावीच्या परीक्षेसाठी तीन महिने सोडला तरी यान कक्षेत जिथल्या तिथं सापडेल.

१०. हार्ड मोड निवडला आणि आता एफ९ चालतच नाही.

बरोबर आहे. हार्डमध्ये क्विकलोड (म्हणजे एफ९) आणि रिव्हर्ट दोन्ही बंद असतात, आणि मेलेले अंतराळवीर परत येत नाहीत. मॉडरेटमध्ये पहिले दोन चालतात, पण मेलेले वीर तिथंही परत येत नाहीत. स्पेस सेंटरमध्ये एस्केप दाबून सेटिंगमधल्या अवघडपणाच्या पर्यायांत क्विकलोड पुन्हा चालू करता येतं. पहिल्यांदा खेळणाऱ्यानं नॉर्मलच घ्यावं.

११. सेव्हच्या फाइल्स असतात कुठं? विंडोज नव्यानं टाकायचंय.

खेळ जिथं बसवलाय त्याच फोल्डरात ‘सेव्ह्स’ नावाचं फोल्डर असतं. स्टीमवरून घेतला असेल तर स्टीमॲप्स, मग कॉमन, मग कर्बल स्पेस प्रोग्रॅम, मग सेव्ह्स. आत तुमच्या प्रत्येक खेळाच्या नावाचं एक फोल्डर दिसेल. त्यात परसिस्टंट, क्विकसेव्ह, नावाची सेव्ह्स, बॅकअप आणि ‘शिप्स’ असतात. शिप्समध्ये रॉकेट आणि विमानांचे आराखडे.

अख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर उचला, एकेक फाइल निवडत बसू नका. इंटरनेटवर आपोआप जपलं जाईल या भरवशावर राहू नका. कॅम्प किंवा टिळकवाडीत कुठल्या दुकानात संगणक दुरुस्तीला द्यायचा असेल तर त्याआधी हे कराच. फॉरमॅट करणाऱ्याला तुमचं डुनावरचं ठाणं कुठल्या फोल्डरात आहे हे माहीत नसतं.

१२. आम्ही दोघी बहिणी एकाच संगणकावर खेळतो. एकीचं दुसरीवर लिहिलं जाईल का?

दोघींनी वेगवेगळ्या नावानं खेळ सुरू केला असेल तर नाही. क्विकसेव्हही ज्याच्या त्याच्या फोल्डरात राहतं. एकीचं रॉकेट दुसरीला हवं असेल तर शिप्समधली आराखड्याची फाइल दुसरीच्या शिप्समध्ये टाका. लागणारे सुटे भाग दुसरीनं अजून मिळवले नसतील, तर ते रॉकेट तिला उडवता येणार नाही.

१३. मी गेमिंग कॅफेत खेळतो. काल केलेलं सेव्ह आज नाही.

बऱ्याच कॅफेंत संगणक रीस्टार्ट झाला की सगळं पूर्ववत करणारं सॉफ्टवेअर असतं. त्यात तुमचं सेव्ह राहणारच नाही. उठण्याआधी सेव्हचं फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या, आल्यावर परत टाका. फोल्डर आणि सेव्हचं नाव साध्या इंग्रजी अक्षरांत ठेवा. खेळात मराठी किंवा कन्नड भाषा नाही, आणि झिप करून एका संगणकावरून दुसरीकडे नेताना देवनागरी नावांची अक्षरं मोडतात.

१४. काही मॉड (खेळात बाहेरून घातलेली भर) काढून टाकले आणि अर्धी यानं नाहीशी झाली.

ज्या यानात त्या मॉडचे भाग होते, ती यानं भाग सापडत नाहीत म्हणून खेळ उघडताना काढून टाकली जातात. त्यानंतर मुख्य फाइल लिहिली गेली की मॉड परत टाकूनही यानं येत नाहीत. उघडताना भाग नसल्याचा इशारा दिसला तर पुढं जाऊ नका. खेळ बंद करा, मॉड परत बसवा, मग उघडा. पुढं गेलाच असाल तर बॅकअप (प्रश्न ३).

१५. पुण्याच्या चुलतभावानं गणपतीत त्याचं सेव्ह दिलं, ते उघडत नाही.

त्याची आवृत्ती तुमच्यापेक्षा नवी असेल. जुनं सेव्ह नव्या आवृत्तीत सहसा उघडतं, नवं जुन्यात नाही. आवृत्ती सारखी करा, त्याचे मॉड विचारून घ्या, आणि त्याच्याकडे असलेले ‘मेकिंग हिस्टरी’ किंवा ‘ब्रेकिंग ग्राउंड’ हे जोड तुमच्याकडे नसतील तर प्रश्न १४ वाचा.

१६. प्लेस्टेशनवर हेच सगळं लागू?

नाही. क्विकसेव्हची कल्पना तीच, पण फाइलींना हात लावता येत नाही, त्यामुळे ३, ७ आणि १८ मधले उपाय तिथं चालत नाहीत. नावाची सेव्ह्स जास्त ठेवा.

१७. सारखं एफ९ करणं म्हणजे फसवणूक नाही का?

मला मुळीच वाटत नाही. ७ सप्टेंबर २०१९ ला चांद्रयान-२ चं विक्रम चंद्रावर आदळलं. इस्रोला पुढची संधी मिळून चांद्रयान-३ उतरायला २३ ऑगस्ट २०२३ उजाडावं लागलं. मधली चार वर्षं त्या लोकांनी काय चुकलं हे शोधण्यात आणि दुरुस्त करण्यात घालवली. इथं तेच उतरणं तुम्ही लगेच पुन्हा करू शकता. मात्र एफ९ धरण्याआधी उंची, वेग आणि उरलेलं इंधन कागदावर लिहा. पुढच्या वेळी ब्रेक कुठं लावायचा हे त्यावरून ठरतं. नुसतं एफ९-एफ९ करणारा तिथंच अडकतो, आकडे लिहिणारा चौथ्या-पाचव्या खेपेला उतरतो.

१८. पॅराशूट लावूनही रॉकेटचा खालचा टप्पा सेव्हमध्ये दिसत नाही. आणि जेबेडाया (जेब) हा अंतराळवीर मेला, बाकी खेळ मागं न नेता त्याला आणता येईल का?

दोन वेगळ्या गोष्टी. दाट वातावरणात पडणारा टप्पा तुमच्या यानापासून वीसेक किलोमीटरपेक्षा दूर गेला, की खेळ त्याचा हिशेब सोडून देतो आणि तो नष्ट झाला असं धरतो. पॅराशूट असलं तरी. सेव्हमध्ये तो कधी लिहिलाच जात नाही, त्यामुळे कुठलीही प्रत उघडून तो मिळणार नाही. टप्पा वाचवायचाच असेल तर त्याच्या जवळ राहावं लागतं, किंवा त्यासाठीचा मॉड घ्यावा लागतो.

जेबचं जमतं. नॉर्मल मोडमध्ये थोडा काळ गेल्यावर तो आपणच परत येतो, आधी वाट पाहा. मॉडरेट किंवा हार्ड असेल तर खेळ पूर्ण बंद करा आणि परसिस्टंटची एक प्रत दुसरीकडे काढून ठेवा. मग मूळ फाइल नोटपॅडमध्ये उघडा. ती साधा मजकूरच असते. शोधा वापरून ‘रॉस्टर’ हा विभाग गाठा, त्यात जेबचं नाव आणि खाली ‘स्टेट’ची ओळ सापडेल. ‘डेड’ किंवा ‘मिसिंग’ असेल तिथं ‘अव्हेलेबल’ लिहा. स्पेलिंग आणि पहिलं मोठं अक्षर फाइलीतल्या इतर वीरांसमोर जसं आहे तसंच हवं. महिरपी कंसांना धक्का लावू नका, एक जरी उडाला तरी फाइल उघडणार नाही. सेव्ह करा, खेळ चालू करा, आणि अंतराळवीरांच्या इमारतीत जाऊन तो यादीत आला का ते बघा.